तीन आठवड्यांची सुट्टी: मेलानोमाच्या पेशींनी उलटवलेला एक हिशोब

बीआरएएफ जनुकात बिघाड असलेला मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, शरीरात पसरलेला आहे. डब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या दोन औषधांच्या गोळ्या सुरू होऊन आठ आठवडे झाले आहेत. गाठी आक्रसल्या आहेत, किमान वाढलेल्या तरी नाहीत. आता ठरवायचं ते एवढंच: गोळ्या रोज चालू ठेवायच्या, की तीन आठवडे बंद आणि पाच आठवडे चालू असं चक्र लावायचं?

चारचौघांना विचारलं तर ‘लागू पडलेलं औषध कोण बंद करतं?’ असंच ऐकायला मिळेल. पण २०१३-१४च्या सुमारास या विषयातल्या बऱ्याच जाणकारांना चक्राचा पर्याय जास्त शहाणपणाचा वाटत होता, आणि त्याला भक्कम कारणं होती. पेशींवरचे आणि उंदरांवरचे प्रयोग सांगत होते की औषधाला दाद न देणाऱ्या पेशी औषधावरच जगायला लागतात. ते काढून घेतलं की त्या कोलमडतात. मग मधूनमधून औषधाला सुट्टी दिली तर या बंडखोर पेशी आपोआप मागे पडतील, असा तो हिशोब. अमेरिकेत ‘एस१३२०’ नावाच्या चाचणीत तो माणसांवर तपासला गेला. २०२० मध्ये निकाल आला तो नेमका उलटा.

मी हे प्रकरण निवडलं कारण यातला प्रत्येक दुवा जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांपाशी येऊन पोचतो. पेशी वाढणार की थांबणार, औषधात तगणार की मरणार, औषध काढल्यावर तिचं काय होणार, हे सगळं केंद्रकात बसलेली मूठभर प्रथिनं ठरवतात. आणि हिशोब चुकला तोही तिथेच.

रंगपेशीचा मुकादम

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी म्हणजे मेलानोसाइट, आपण रंगपेशी म्हणू. या पेशी मुळात त्वचेच्या नाहीत. गर्भात मज्जासंस्था घडत असताना तिच्या काठावरून ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाचा पेशींचा जथा निघतो. त्यातल्या काही चेतापेशी होतात, काही चेहऱ्याची हाडं घडवतात आणि काही त्वचेपर्यंत चालत येऊन रंगपेशी होतात. हा प्रवास लक्षात ठेवायला हवा. मेलानोमा पसरतो तेव्हा त्याच्या पेशी काही नवं शिकत नाहीत, त्यांच्या पूर्वजांना जे येत होतं तेच पुन्हा बाहेर काढतात.

रंगपेशीचा मुकादम म्हणजे एमआयटीएफ हे प्रथिन. त्याचा शोध उंदरांमुळे लागला. १९४२ साली पाउला हेर्टविग यांनी क्ष-किरण दिलेल्या उंदरांच्या वंशात बारीक डोळ्यांचे, पांढऱ्या अंगाचे उंदीर पाहिले आणि त्यांची नोंद केली. त्यामागचं जनुक हाती यायला १९९३ उजाडावं लागलं. एमआयटीएफ अजिबात नसेल तर रंगपेशीच तयार होत नाहीत, म्हणून ते उंदीर पांढरे. माणसात या जनुकाची एक प्रत बिघडली तर वार्डनबर्ग सिंड्रोमचा एक प्रकार होतो: केसांची पांढरी बट, फिकट डोळे, बहिरेपण. (बहिरेपण कशासाठी, असा प्रश्न पडेल. आतल्या कानालाही रंगपेशी लागतात.)

हे प्रथिन काम कसं करतं? त्याचे दोन रेणू जोडीनं येतात आणि चिमट्यासारखे डीएनएच्या पट्टीवर बसतात. कुठेही नाही, तर सहा अक्षरांच्या ठरावीक खुणेवर. ती खूण ज्या जनुकांच्या दाराशी आहे ती जनुकं वाचली जातात. रंग बनवणारं टायरोसिनेज त्यातलं एक, पण यादी रंगावर थांबत नाही. पेशीविभाजनाला लागणारं सीडीके-२, पेशीला मरणापासून वाचवणारी बीसीएल-२ आणि बीसीएल-२ए१, पेशीच्या ऊर्जाघरांची संख्या वाढवणारं पीजीसी-१-अल्फा, हीसुद्धा त्याच मुकादमाच्या हुकमातली. रंग, वाढ, जगणं आणि ऊर्जा एकाच हातात, आणि मेलानोमाला हेच सोयीचं पडतं. २००५ साली लेव्ही गॅरावे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही मेलानोमांत एमआयटीएफच्या जनुकाच्या जादा प्रती असतात. प्राथमिक गाठींत हे प्रमाण साधारण १० टक्के, पसरलेल्या आजारात २० टक्क्यांपर्यंत. पेशीच्या जातकुळीची ओळख टिकवणारं प्रथिनच कर्करोगाच्या कामी आलं.

मात्र ‘एमआयटीएफ जितकं जास्त तितका कर्करोग जोरात’ असं समीकरण मांडलं तर फसगत होते. इथे पंख्याचा रेग्युलेटर डोळ्यांसमोर आणावा. एमआयटीएफची पातळी खूप वर गेली तर पेशी रंग बनवण्यात गुंतते आणि विभागणं थांबवते. मधल्या घरात ती भराभर विभागते. खालच्या घरात विभाजन मंदावतं, पण पेशी हातपाय पसरते, सरकते, शेजारच्या उतीत घुसते. आणि बटण पूर्ण बंद केलं तर बहुतेक पेशी मरतात किंवा कायमच्या थिजतात. कॉलिन गोडिंग यांच्या गटानं हे चित्र २००६ मध्ये मांडलं. कीथ होक आणि सहकारी त्याच काळात दुसऱ्या वाटेनं जवळपास तिथेच पोचले: मेलानोमाच्या पेशींचे दोन मोठे गट, एक वाढणाऱ्यांचा आणि एक घुसणाऱ्यांचा, आणि एकाच पेशीला या गटातून त्या गटात ये-जा करता येते.

हा फरक प्रयोगशाळेत नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एमआयटीएफ भरपूर असलेल्या रंगीत पेशी नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की तळाशी शाईच्या थेंबासारखा काळपट गोळा बसतो. एमआयटीएफ गमावलेल्या पेशी फिरवल्या तर तोच गोळा दुधाळ पांढरा. दोन्ही मेलानोमाच. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांना बारीक फांद्या फुटलेल्या दिसतात, दुसऱ्या चपट्या आणि लांबट, एखाद्या जखमेच्या व्रणातून उचलून आणल्यासारख्या.

रेग्युलेटरची उपमा मला आवडते, पण ती जरा जास्तच गुळगुळीत आहे. एकाच बटणाच्या चार-पाच घरांत मेलानोमाच्या सगळ्या अवस्था बसत नाहीत, हे पुढे येईलच.

औषध नेमकं काय करतं

जवळपास निम्म्या मेलानोमांत बीआरएएफ जनुक बिघडलेलं असतं. बहुतेक वेळा बिघाड एकाच जागी होतो. प्रथिनाच्या साखळीत ६०० व्या स्थानावर व्हॅलिनऐवजी ग्लुटामेट येऊन बसतं, म्हणून नाव ‘व्ही६००ई’. २००२ साली हे उघड झालं. बीआरएएफ पुढे मेक या प्रथिनाला ढोसतं, मेक ईआरके या प्रथिनाला, आणि ईआरके केंद्रकात शिरून विभाजनाचा आदेश देतं. बिघाडामुळे हा आदेश अखंड सुटत राहतो. २०११ मध्ये मंजूर झालेलं वेमुराफेनिब ही साखळी पहिल्याच कडीला अडवतं. परिणाम थक्क करणारा होता, पण टिकाऊ नव्हता. मोठ्या चाचणीत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ डाकार्बाझिन या जुन्या केमोथेरपीवर १.६ महिने होता, वेमुराफेनिबवर ५.३ महिने. मग बीआरएएफबरोबर मेकही अडवायची जोडी आली. डब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब घेतलेल्यांच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात ३४ टक्के रुग्ण हयात होते, पण आजार न वाढता राहिलेले फक्त १९ टक्के.

ईआरके आणि एमआयटीएफ यांचं नातं मजेशीर आहे. ईआरकेनं एमआयटीएफवर फॉस्फेटचा शिक्का मारला की एमआयटीएफ जास्त जोमानं काम करतं, आणि त्याच शिक्क्यामुळे लवकर मोडीतही निघतं. औषधानं ईआरके गप्प बसवलं की कित्येक पेशींमध्ये पहिल्या काही दिवसांत एमआयटीएफ उलट वाढतं. म्हणजे औषध पेशीचं विभाजन थांबवतं आणि त्याच वेळी तिला जगण्याचं सामानही पुरवतं. पीजीसी-१-अल्फा वाढतं, पेशी साखर जाळण्याऐवजी ऊर्जाघरांवर गुजराण करते आणि दबा धरून बसते. ही झाली औषध सोसण्याची पहिली तऱ्हा. जनुकात नवा बिघाड नाही, कायमचा प्रतिकार नाही, नुसता तग.

दुसरी तऱ्हा अगदी विरुद्ध दिशेची, आणि या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

तोटा नफ्यात जातो तेव्हा

ॲमस्टरडॅममधल्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रेने बर्नार्ड्स यांच्या गटानं एक सरळ प्रश्न घेतला. डीएनएची गुंडाळी आणि वाचन सांभाळणाऱ्या प्रथिनांपैकी एकेक प्रथिन दाबून पाहायचं. कोणतं दाबल्यावर मेलानोमाच्या पेशी औषधात जगतात? उत्तर आलं सॉक्स-१०. हेही जनुकं चालू-बंद करणारं नियंत्रक प्रथिन, न्यूरल क्रेस्टच्या काळापासून पेशीच्या सोबत असलेलं. एमआयटीएफच्या जनुकाला चालू करणाऱ्यांत याचा वाटा मोठा. मुकादमाची नेमणूक करणारा अधिकारी म्हणा हवं तर.

सॉक्स-१० नाही तर मेलानोमा उभाच राहत नाही, असं उंदरांवरच्या कामातून २०१२ मध्ये पुढे आलं होतं. मग ते गमावल्यानं पेशीचा फायदा कसा होईल? २०१४ मध्ये छापलेल्या या कामाचं उत्तर असं: सॉक्स-१० कमी झालं की टीजीएफ-बीटाची संदेशवाहिनी जागी होते, आणि तिच्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर आणि पीडीजीएफआर-बीटा हे ग्राहक, म्हणजे बाहेरचे संदेश टिपणारी प्रथिनं, उगवतात. औषध नसताना हे नुकसानीचं असतं. बीआरएएफचा रेटा आधीच चालू, त्यात ईजीएफआरचा रेटा आला की आदेश इतके जास्त होतात की पेशी म्हातारी झाल्यासारखी थबकते. पण औषधानं बीआरएएफचा रेटा काढून घेतला की तोच ईजीएफआर उपयोगी पडतो. जी पेशी कालपर्यंत जादा रेट्याखाली दबली होती तिला आज मापात रेटा मिळतो.

वेगवेगळ्या प्रमाणात सॉक्स-१० दाबलेल्या पेशी एकत्र वाढवल्या आणि औषध घातलं, तर कमी सॉक्स-१० असलेल्या पेशी भराभर वरचढ झाल्या. औषध काढलं, चित्र पालटलं. रुग्णांच्या नमुन्यांतही याचा माग लागला. औषधाला दाद देणं बंद केलेल्या १६ गाठींपैकी ६ मध्ये ईजीएफआर नव्यानं दिसत होतं आणि त्या ६ पैकी ४ मध्ये सॉक्स-१० गेल्याचा किंवा टीजीएफ-बीटा जागी झाल्याचा पुरावा होता. औषध थांबवून काही काळानं पुन्हा दिल्यावर काही रुग्णांना ते परत का लागू पडतं, याचं एक कारण यात सापडलं.

पॅथॉलॉजिस्टची एक अडचण इथे नोंदवायला हवी. सॉक्स-१० हा मेलानोमा ओळखण्याचा हुकमी रंग. काचपट्टीवर त्याची प्रतिपिंडं टाकली की मेलानोमाच्या पेशींची केंद्रकं तपकिरी उठतात आणि आजूबाजूचं सगळं निळसर राहतं. मेलान-ए किंवा एचएमबी-४५ सारख्या खुणा हुलकावणी देतात तिथेही सॉक्स-१० बहुतेक वेळा साथ देतं. म्हणूनच उपचारांनंतर परत आलेल्या गाठीत केंद्रकं निळीच राहिली तर घोळ होतो. पेशी लांबट, ओळखीची एकही खूण नाही, अहवालावर सार्कोमा, म्हणजे हाडं-स्नायूंसारख्या उतींचा वेगळाच कर्करोग, लिहिला जाण्याची शक्यता. बीआरएएफची तपासणी आणि जुना इतिहास समोर असेल तरच ती मेलानोमाचीच गाठ असल्याचं कळतं. नियंत्रक गेला की पेशीचं आडनावच पुसलं जातं.

औषधाची सवय

सुट्टीच्या बाजूचा सगळ्यात जोरकस पुरावा २०१३ सालचा. रुग्णांच्या मेलानोमाच्या गाठी उंदरांत वाढवून, त्या वेमुराफेनिबला दाद देईनाशा होईपर्यंत औषध चालू ठेवलं. मग ते बंद केलं. प्रतिकार कमावलेल्या गाठी आक्रसल्या! त्यांना औषधाचीच सवय लागली होती. आणि सुरुवातीपासून औषध खंड पाडून दिलं तर प्रतिकार लांबणीवर पडला.

हे का होतं याचा तपास पुढे ॲमस्टरडॅमच्याच संस्थेत डॅनियल पीपर यांच्या गटानं केला आणि २०१७ मध्ये छापला. क्रिस्पर हे जनुक कापण्याचं तंत्र वापरून एकेक जनुक मोडायचं आणि बघायचं, की कोणतं मोडल्यावर सवय लागलेल्या पेशी औषध काढल्यावरही जगतात. तीन नावं वर आली: ईआरके-२, जुन-बी आणि फ्रा-१. शेवटची दोन पुन्हा नियंत्रक प्रथिनंच, एपी-१ नावाच्या कुटुंबातली. औषधात वाढायला शिकलेल्या पेशींनी आपली संदेशसाखळी फार ताणून ठेवलेली असते. औषधाचा बांध निघाला की ईआरकेचा लोंढा येतो. तो जुन-बी आणि फ्रा-१ यांना उठवतो, पेशी रूप बदलायला लागते आणि त्या गडबडीत एमआयटीएफ बंद पडतं. मुकादम गेला, त्याच्याबरोबर बीसीएल-२ गेलं, पेशी मेली. बाहेरून एमआयटीएफ परत पुरवलं तर पेशी वाचली. इतकी स्वच्छ साखळी जीवशास्त्रात क्वचित हाती लागते.

पण त्याच निबंधात एक ओळ आहे, तिच्यापाशी मी दर वेळी अडखळतो. बीआरएएफ रोधकावर आजार वाढलेल्या रुग्णांत औषध थांबवल्यावर ॲक्सल या ग्राहकाचं प्रमाण वाढलं. ॲक्सल ही घुसखोर, एमआयटीएफ-विरहित अवस्थेची खूण. म्हणजे सुट्टीत सगळ्याच पेशी मरत नव्हत्या, काही रूप पालटून दुसऱ्या गटात जात होत्या. लेखकांनाही याची जाणीव होती. म्हणून नुसती सुट्टी न देता तिला डाकार्बाझिनची जोड देण्याचा मार्ग त्यांनी तपासला होता. औषध काढल्यानं आधीच खाली आलेलं एमआयटीएफ या जोडीनं आणखी दबतं आणि पेशीच्या डीएनएलाही इजा होते.

चाचणी

एस१३२० ची आखणी साधी होती. सगळ्यांना आधी आठ आठवडे सलग दोन्ही औषधं. त्या काळात ज्यांचा आजार वाढला नाही अशा २०६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट: १०५ जणांना सलग औषध, १०१ जणांना तीन आठवडे बंद आणि पाच आठवडे चालू. मोजायचं काय, तर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ. अपेक्षा अशी की सुट्टीवाला गट पुढे जाईल.

सलग गटाचा मध्यक काळ आला ९ महिने, सुट्टीवाल्या गटाचा ५.५ महिने. एकूण आयुर्मान मात्र दोन्ही गटांत सारखंच, मध्यक २९.२ महिने.

आकडेवारीची खोड असलेल्यांसाठी सांगतो: या फरकाचं पी-मूल्य ०.०६४ होतं. नेहमीच्या ०.०५ च्या रेषेत ते बसत नाही, पण ही दुसऱ्या टप्प्याची चाचणी होती आणि रेषा आधीच ०.२ वर आखलेली होती. त्या नियमानं सलग उपचार सरस ठरला. मला यात वाद घालण्यासारखं फारसं काही दिसत नाही. प्रश्न सुट्टी थोडी सरस की थोडी निरस एवढाच असता तर गोष्ट वेगळी. इथे ती सरस असल्याची पुसटशी खूणही नव्हती.

हिशोब कुठे चुकला

इथून पुढे माझं वाचन आहे, आणि ते चाचणीच्या अहवालापेक्षा गाठीच्या जीवशास्त्रावर जास्त उभं आहे.

पहिली गोष्ट वेळेची. उंदरांत आक्रसल्या त्या गाठी प्रतिकार कमावून बसलेल्या होत्या, त्यांना सवय लागली होती. चाचणीत सुट्टी दिली ती आठ आठवड्यांनी, औषध अजून काम करत असताना. त्या घडीला गाठीत उरलेल्या बऱ्याच पेशी सवयीच्या नव्हत्या, नुसत्या तग धरून होत्या. त्यांच्यावरचा बांध काढणं म्हणजे त्यांना मोकळं रान देणं. उपाशी शत्रूच्या तळावर वेढा घातलाय आणि तीन आठवड्यांसाठी वेढा उठवलाय. एस१३२० पुरतं मला हेच कारण सगळ्यात वजनदार वाटतं.

खंडित उपचारानं उंदरांत प्रतिकार लांबला, हा पुरावा खोटा नव्हता. पण ती मोजक्या गाठींची गोष्ट होती, आणि एखाद्या गाठीतल्या बहुसंख्य पेशी एकाच रीतीनं बंडखोर झाल्या असतील तरच हिशोब तंतोतंत लागू पडतो. रुग्णाच्या शरीरात तसं नसतं. २०१६ मध्ये १९ रुग्णांच्या गाठींतल्या ४,६४५ पेशी एकेक करून वाचल्या गेल्या. एमआयटीएफ भरपूर असलेल्या गाठींतसुद्धा एमआयटीएफ कमी आणि ॲक्सल जास्त असलेल्या काही पेशी सापडल्याच, आणि त्याही उपचार सुरू होण्यापूर्वी. २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटानं दाखवलं की औषध द्यायच्या आधीच काही विरळा पेशींमध्ये प्रतिकाराची जनुकं क्षणकाळ चालू होतात, मग बंदही पडतात. औषध नेमकं त्या क्षणी आलं तर ती तात्पुरती अवस्था गोठते: आधी सॉक्स-१० च्या हुकमातली जनुकं विझतात, मग एपी-१ आणि टीड या नियंत्रकांची जनुकं पेटतात. डीएनएचं एक अक्षरही न बदलता.

२०१८ मध्ये तर चित्र आणखी विस्कटलं. रुग्णांच्या गाठी उंदरांत वाढवून हीच दोन औषधं दिली आणि आक्रसलेल्या गाठीत उरलेल्या मूठभर पेशी तपासल्या, तर त्यात एकाच वेळी नांदणाऱ्या चार वेगवेगळ्या अवस्था निघाल्या. एक रंग बनवणारी, एक घुसखोर, एक अन्नाला मोताद झालेली आणि एक थेट न्यूरल क्रेस्टच्या मूळपेशीकडे परतलेली. शेवटचीचा कारभारी आरएक्सआरजी, आणखी एक नियंत्रक. त्याला रोखलं तर आजार परतायला जास्त वेळ लागला. पंख्याच्या रेग्युलेटरवर या चौघींना शेजारी-शेजारी बसवता येत नाही. म्हणूनच वर म्हटलं की उपमा गुळगुळीत आहे.

आता सुट्टीचा पुन्हा विचार करू. औषध काढलं की जुन-बी आणि फ्रा-१ च्या लोंढ्यात सापडून सवयीच्या पेशी मरतील. सॉक्स-१० गमावलेल्या पेशी ईजीएफआरच्या ओझ्यानं मंदावतील, पण मरतीलच असं नाही. एमआयटीएफ वाढवून तग धरलेल्या पेशींना तर विभाजनाचा परवाना परत मिळेल. तीन आठवडे ही मुदत एका गटाला फाशी, दुसऱ्याला कैद आणि तिसऱ्याला सुटका. वर शरीरात अशा डझनभर गाठी असू शकतात आणि प्रत्येकीत या गटांचं प्रमाण निराळं. ठरावीक कॅलेंडर या सगळ्यांना एकदम लागू कसं पडावं? प्रयोगशाळेतले निष्कर्ष चुकीचे नव्हते. त्यांतला प्रत्येक निष्कर्ष गाठीतल्या एकेका गटाबद्दल खरा होता.

मग पेशी कोणत्या अवस्थेत आहेत ते बघून सुट्टी द्यावी, असं सहज सुचतं. सांगायला सोपं. त्यासाठी दर काही आठवड्यांनी अनेक गाठींचे तुकडे काढावे लागतील, आणि काढला तो तुकडा अख्ख्या गाठीची साक्ष देईलच असं नाही. एमआयटीएफवर थेट औषध का नाही, हाही नेहमीचा प्रश्न. संप्रेरकांच्या ग्राहकांसारखी काही नियंत्रक प्रथिनं सोडली तर या मंडळींच्या अंगावर औषधाचा रेणू अडकवायला सोयीची खोबण नसते. एमआयटीएफचा चिमटा लांब आणि सपाट. आणि समजा सापडली खोबण, तर बटण कुठे फिरवायचं? पूर्ण बंद करता आलं तर ठीक, अर्धवट खाली गेलं तर घुसखोर पेशी तयार करून ठेवल्या असं व्हायचं. आरएक्सआरजी मात्र खोबण असलेल्यांपैकी आहे, म्हणून मला त्या वाटेबद्दल थोडी जास्त आशा आहे.

राहिला २९.२ महिन्यांचा आकडा. आजार साडेतीन महिने आधी वाढूनही आयुर्मान सारखं कसं? या दोन गोळ्या म्हणजे उपचारांचा शेवट नव्हता. आजार वाढल्यावर पुढचे उपचार होते, त्यात प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणारी औषधंही. पुढे ड्रीमसेक नावाच्या चाचणीनं क्रमाचाच प्रश्न घेतला: आधी या गोळ्या की आधी इम्युनोथेरपी? आधी इम्युनोथेरपी घेतलेल्यांत दोन वर्षांनी ७१.८ टक्के हयात होते, आधी गोळ्या घेतलेल्यांत ५१.५ टक्के. त्यामुळे बीआरएएफ बिघडलेल्या मेलानोमातसुद्धा सुरुवात आता बहुधा इम्युनोथेरपीनं होते, आणि सुट्टी द्यायची की नाही हा प्रश्न दुसऱ्या फळीत गेला.

तिथेही मुकादमाची गाठ पडतेच. प्रतिकारपेशी मेलानोमाला ज्या खुणांवरून ओळखतात त्यांतल्या मेलान-ए सारख्या काही खुणा एमआयटीएफच बनवून घेतं. २०१२ मध्ये उंदरांत दिसलं होतं, की प्रतिकारपेशींनी हल्ला चढवला आणि टीएनएफ या संदेशवाहक प्रथिनाचा दाह उसळला की मेलानोमाच्या पेशी या खुणा उतरवून ठेवतात आणि दाह ओसरल्यावर परत चढवतात.